अभंग संतांचा, आवाज गायिकेचा. मग रेकॉर्ड कुणाची? प्रभा अत्रे ते शुभा मुद्गल : ध्वनिमुद्रणामागच्या स्त्रियांची गोष्ट

पंढरपूर : आषाढीच्या दिवसांत महाद्वारातून चंद्रभागेच्या वाळवंटाकडे चालत निघालं, की काही पावलांवर अभंग बदलतो. बुक्का, तुळशीमाळा आणि टाळ विकणाऱ्या दुकानातल्या स्पीकरवर एक, शेजारच्या चहाच्या टपरीवर दुसरा आणि वाळवंटात बसलेल्या वारकऱ्याच्या मोबाइलवर तिसरा. एकेकाळी याच परिसरात अभंगांच्या कॅसेट विकल्या जायच्या. मग सीडी आल्या, मेमरी कार्ड आले. आता लिंक फॉरवर्ड होते.

ऐकणाऱ्याला अभंग कुणाचा हे ठाऊक असतं. आवाजही बहुतेक जण ओळखतात. पण ही रेकॉर्ड केली कुणी, ती लोकांपर्यंत पोहोचवली कुणी आणि तिचा मालक कोण, हे विचारलं तर उत्तर मिळत नाही. मोबाइलच्या स्क्रीनवर ते नाव सहसा दिसतही नाही.

रेकॉर्डच्या मागचं हे काम दीर्घकाळ पुरुषांच्या हाती होतं. स्त्रिया माइकसमोर होत्या, काचेच्या पलीकडे फारशा नव्हत्या. ज्या मोजक्या जणी पलीकडे गेल्या, त्यांत महाराष्ट्राला जवळची दोन नावं आहेत : डॉ. प्रभा अत्रे आणि शुभा मुद्गल. त्यांनी तिथे काय केलं, आणि आज स्वतःचे अभंग रेकॉर्ड करून यूट्यूबवर टाकणाऱ्या पंढरपूरच्या भजनी मंडळांनी त्यातून काय घ्यावं?

थोडक्यात महत्त्वाचे

- रेकॉर्डचा ‘निर्माता’ म्हणजे फक्त पैसे लावणारा नव्हे. कायद्याच्या भाषेत, रेकॉर्ड करण्याचा पुढाकार आणि जबाबदारी घेणारी व्यक्ती म्हणजे निर्माता. रेकॉर्डची पहिली मालकी सहसा तिचीच.
- प्रभा अत्रे आकाशवाणीत सहाय्यक निर्माती होत्या. १९८१ पासून त्यांनी ‘स्वरश्री’ या रेकॉर्डिंग कंपनीत मुख्य संगीत निर्माती म्हणून काम पाहिलं.
- शुभा मुद्गल यांनी २००३ मध्ये अनीश प्रधान यांच्यासोबत ‘अंडरस्कोअर रेकॉर्ड्स’ सुरू केली.
- संतांचे शब्द सर्वांचे आहेत. पण चाल, आवाज आणि रेकॉर्डिंग यांचे हक्क वेगवेगळे असतात.

शेवटच्या ओळीतलं नाव

गाण्यात आपलं नाव नोंदवण्याची पद्धत पंढरपूरला नवी नाही. गंगाखेडची जनाबाई पंढरपुरात दामाशेटींच्या, म्हणजे संत नामदेवांच्या घरी वाढली, राबली. गोपाळपुरात आजही तिचं जातं दाखवलं जातं. तिचे अभंग आपल्यापर्यंत आले ते प्रामुख्याने नामदेवांच्या गाथेतून. म्हणजे संग्रह दुसऱ्याच्या नावाचा. तरीही ते जनीचे म्हणून ओळखले जातात, कारण अभंगाच्या शेवटी तिने स्वतःचं नाव गुंफलं आहे. ही नाममुद्रा नसती, तर दासीचे अभंग धन्याच्या नावावर सहज जमा झाले असते. मंगळवेढ्याची कान्होपात्रा, चोखोबांची सोयराबाई यांचंही तसंच.

पुढे काही शतकांनी हीच गोष्ट यंत्रासमोर घडली. नोव्हेंबर १९०२ मध्ये लंडनच्या ग्रामोफोन कंपनीसाठी फ्रेड गैसबर्ग कोलकात्यात आला आणि त्याने भारतातली पहिली व्यावसायिक ध्वनिमुद्रणं केली. त्यात गौहर जान होत्या. सुमारे तीन मिनिटांचं गाणं संपलं, की त्या स्वतःचं नाव मोठ्याने सांगत. मेणाच्या तबकड्या छपाईसाठी जर्मनीतल्या हॅनोवरला जात. तिथल्या तंत्रज्ञाला गाणं कुणाचं हे कळावं, म्हणून ही घोषणा.

गौहर जान यांचं नाव रेकॉर्डवर कायम राहिलं. रेकॉर्ड मात्र कंपनीची होती. स्त्रीचा आवाज आणि दुसऱ्याची मालकी ही मांडणी पुढची कित्येक दशकं बदलली नाही.

रेकॉर्डचा निर्माता नेमकं काय करतो?

सिनेमाचा निर्माता म्हटलं की पैसे लावणारा माणूस डोळ्यांसमोर येतो. शास्त्रीय संगीताच्या रेकॉर्डमध्ये हे काम बरंच पसरलेलं असतं.

कुणाला गायला बोलवायचं, कोणता राग, कोणती बंदिश आणि किती वेळ, हे ठरवण्यापासून त्याची सुरुवात होते. वेळेचा प्रश्न इथे फार मोठा. मैफलीत तासभर चालणारा ख्याल ७८ आरपीएमच्या तबकडीवर तीन मिनिटांत बसवावा लागे. एलपी आली आणि एका बाजूला वीस-बावीस मिनिटं मिळाली. सीडीने ही मर्यादा सव्वा तासाच्या आसपास नेली. दर वेळी काय ठेवायचं आणि काय सोडायचं, हा निर्णय गायकाइतकाच निर्मात्याचा असे.

त्यानंतर साथीदार, स्टुडिओ, माइकची जागा, तानपुऱ्याचा आवाज किती ठेवायचा, कोणता टेक घ्यायचा, मिक्सिंग, मास्टरिंग. मग वेष्टनावरचा फोटो, मागच्या बाजूचा मजकूर आणि श्रेयनामावली. करार. शेवटी प्रसिद्धी आणि विक्री. यातला एक जरी दुवा तुटला, तरी उत्तम गाणं गोदामात पडून राहतं.

मराठी श्रोत्यांना या भूमिकेतलं एक नाव माहीत असतं ते एच.एम.व्ही.च्या जी. एन. जोशी यांचं. स्वतः भावगीत गायक असलेल्या जोशींनी अनेक दिग्गजांना ध्वनिमुद्रणासाठी राजी केलं. त्यांचं ‘स्वरगंगेच्या तीरी’ हे पुस्तक या कामाची चांगली कल्पना देतं. त्या काळातल्या गायिकांची यादी लांबलचक होईल. त्यांच्या रेकॉर्डची निर्मिती करणाऱ्या स्त्रियांची मात्र होणार नाही.

प्रभा अत्रे : विज्ञान, कायदा आणि किराणा

१३ सप्टेंबर १९३२ रोजी पुण्यात जन्मलेल्या प्रभा अत्रे यांच्या घरात गाण्याची परंपरा नव्हती. आईची प्रकृती बरी नसायची. विरंगुळा म्हणून आईने गाणं शिकायला सुरुवात केली आणि तिचे धडे ऐकता ऐकता मुलगी गाऊ लागली, तेव्हा ती आठेक वर्षांची होती. पुढे किराणा घराण्याचे सुरेशबाबू माने आणि हिराबाई बडोदेकर यांच्याकडे तिची तालीम झाली.

हिराबाई हा इथे महत्त्वाचा दुवा आहे. मिरजेत जन्मलेल्या हिराबाई तिकीट लावून जाहीर मैफल करणाऱ्या पहिल्या काही गायिकांपैकी एक. गायिका म्हणजे कुणाच्या तरी आश्रयाने गाणारी बाई, या समजुतीला त्यांनी धक्का दिला. ऐकायचं असेल तर तिकीट काढा, खुर्चीवर बसा आणि ऐका. घरच्या मंडळींसह त्यांनी स्वतःची नाटक मंडळीही चालवली. गाण्याभोवतीचा व्यवहार आपण सांभाळू शकतो, हे शिष्येला शिकवणीबरोबरच दिसत होतं.

प्रभाताईंचं शिक्षण मात्र गाण्याच्या बाहेरचं होतं. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयातून विज्ञानाची पदवी, आयएलएस विधी महाविद्यालयातून कायद्याची पदवी. पुढे संगीतात डॉक्टरेट, तीही सरगम या विषयावर. काही काळ त्यांनी संगीत नाटकांत भूमिकाही केल्या.

गायिका म्हणून त्यांची ओळख महाराष्ट्राला पक्की आहे. मारूबिहाग आणि कलावतीची त्यांची एलपी कित्येक घरांत झिजेपर्यंत वाजली. मारूबिहागमधली बंदिश त्यांनी स्वतः बांधलेली. अपूर्व कल्याण, शिवकाली असे राग त्यांनी घडवले. पद्मश्री (१९९०), पद्मभूषण (२००२) आणि पद्मविभूषण (२०२२) हे तिन्ही सन्मान त्यांना मिळाले. १३ जानेवारी २०२४ रोजी पुण्यात त्यांचं निधन झालं, तेव्हा श्रद्धांजलीच्या बातम्यांत भर होता तो या कामगिरीवर.

त्या बातम्यांत एका ओळीत उरकली जाणारी दुसरी कारकीर्द अशी :

- आकाशवाणीत सहाय्यक निर्माती.
- एसएनडीटी महिला विद्यापीठात संगीत विभागाच्या प्राध्यापक आणि प्रमुख (१९७९ ते १९९२).
- ‘स्वरश्री’ या रेकॉर्डिंग कंपनीत १९८१ पासून मुख्य संगीत निर्माती आणि दिग्दर्शिका.

आकाशवाणीची नोकरी म्हणजे घड्याळाची शिस्त. कार्यक्रम ठरलेल्या मिनिटाला सुरू आणि ठरलेल्या मिनिटाला बंद. गायक कितीही मोठा असो, लाल दिवा त्याच्यासाठी थांबत नाही. कुणाला कोणत्या वेळेला बोलवायचं, साथीला कोण, किती मिनिटांत राग उभा राहतो, हे निर्मात्याला आधी ठरवावं लागतं. रेकॉर्ड कंपनीतही हेच कौशल्य लागतं.

१९८१ या वर्षालाही अर्थ आहे. कॅसेट तेव्हा घरोघरी पोहोचत होती. तबकडी छापायला मोठा कारखाना लागे; कॅसेट छोट्या कंपनीलाही काढता येई. एका बड्या कंपनीची मक्तेदारी सैल होत असताना, ख्याल-ठुमरीची जाणकार, विज्ञान आणि कायदा शिकलेली, रेडिओत मुरलेली स्त्री निर्मातीच्या खुर्चीत बसली. गाणं कसं मुद्रित व्हावं, हे ठरवण्याचा अधिकार गाणारीच्या हाती आला.

तेव्हा गायकाला हक्क होते का?

कायद्यात नव्हते. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याने कवीला हक्क दिला, संगीतकाराला दिला, रेकॉर्ड काढणाऱ्यालाही दिला. गाणाऱ्याला दिला नाही. १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चित्रपट संगीताच्या हक्कांबाबतचा एक गाजलेला निकाल दिला. त्यात न्या. व्ही. आर. कृष्णा अय्यर यांनी स्वतंत्र टिपणी जोडून ही उणीव दाखवून दिली : ज्याच्या आवाजाने गाणं जिवंत होतं, त्या गायकाकडे कायद्याने पाहिलेलंच नाही.

कायदा बदलायला १९९४ उजाडलं. त्या वर्षीच्या दुरुस्तीने कलाकाराचे, म्हणजे ‘परफॉर्मर’चे हक्क कायद्यात आले. सुरुवातीला २५ वर्षांसाठी, १९९९ पासून ५० वर्षांसाठी. २०१२ च्या दुरुस्तीने ते आणखी बळकट झाले. गायकाचं नाव गायक म्हणून नोंदवलं जावं, हा नैतिक हक्कही तेव्हाच मिळाला.

प्रभा अत्रे यांची गाजलेली एलपी या सगळ्याच्या आधीची. त्या काळात कलाकाराला रेकॉर्डवर थोडं नियंत्रण हवं असेल, तर एक खात्रीचा मार्ग म्हणजे निर्मितीत शिरणं.

प्रसिद्धी : दुय्यम समजलं जाणारं काम

रेकॉर्डच्या व्यवसायात स्त्रियांना दार उघडायचं ते बहुधा प्रसिद्धी विभागाचं किंवा सचिवपदाचं. अमेरिकेतल्या टेरेसा स्टर्न यांचं उदाहरण यासाठी पाहण्यासारखं आहे. लहानपणी पियानोवादक म्हणून नाव कमावलेल्या स्टर्न पुढे रेकॉर्ड कंपन्यांच्या कार्यालयात आणि प्रसिद्धीच्या कामात शिरल्या. १९६५ मध्ये ‘ननसच’ या छोट्या, स्वस्त रेकॉर्ड काढणाऱ्या कंपनीची सूत्रं त्यांच्याकडे आली.

पुढच्या १४ वर्षांत त्यांनी तिला जगातल्या सर्वांत वेगळ्या शास्त्रीय कंपन्यांपैकी एक बनवलं. जिवंत संगीतकारांकडून खास रेकॉर्डसाठी नव्या रचना मागवल्या. जगभरच्या लोकसंगीताची आणि अभिजात संगीताची ‘एक्सप्लोरर’ मालिका काढली. वेष्टनावरचं चित्र आणि मागचा मजकूर यांवर गाण्याइतकीच मेहनत घेतली. वेष्टन सुंदर आणि माहिती चोख असेल, तर अनोळखी संगीतही लोक विकत घेतात, हे त्यांनी दाखवून दिलं. १९७९ च्या अखेरीस मालक कंपनीने त्यांना काढून टाकलं. अनेक संगीतकारांनी निषेध केला, पण निर्णय फिरला नाही.

स्टर्न यांच्या हाती निवड होती, दर्जा होता, प्रसिद्धी होती. कंपनी नव्हती. त्यामुळे १४ वर्षांचं काम एका निर्णयाने संपलं. शुभा मुद्गल यांनी जे केलं त्याचं महत्त्व इथे कळतं.

शुभा मुद्गल : स्वतःचं दुकान

शुभा मुद्गल मूळच्या अलाहाबादच्या, जन्म १९५९ चा. आई-वडील दोघेही इंग्रजीचे प्राध्यापक. पं. रामाश्रय झा ‘रामरंग’ हे त्यांचे गुरू. पुढे पं. विनयचंद्र मौद्गल्य, पं. वसंत ठकार, नैना देवी यांच्याबरोबरच पं. जितेंद्र अभिषेकी आणि पं. कुमार गंधर्व यांचंही मार्गदर्शन त्यांना मिळालं. अभंग आणि नाट्यसंगीताचा मराठी श्रोता या शेवटच्या दोन नावांपाशी थांबेलच.

१९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात ‘अली मोरे अंगना’ आणि ‘अब के सावन’ या अल्बमांनी त्यांचा आवाज टीव्हीवर घरोघरी पोहोचला. शास्त्रीय गायिका पॉप अल्बममध्ये, म्हणून टीकाही झाली. पण बड्या कंपन्या, व्हिडिओ, करार आणि प्रसिद्धीचं यंत्र कसं चालतं, हे त्यांना आतून पाहायला मिळालं. २००० मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

२००३ मध्ये त्यांनी आणि तबलावादक अनीश प्रधान यांनी ‘अंडरस्कोअर रेकॉर्ड्स’ सुरू केली. कलाकारांनी आपलं संगीत स्वतः प्रकाशित करावं आणि हक्क स्वतःकडे ठेवावेत, ही त्यामागची भूमिका. विक्री इंटरनेटवरून.

आज यात नवल वाटणार नाही. म्हणून काळ लक्षात घ्यायला हवा. अॅपलचं गाण्यांचं ऑनलाइन दुकान त्याच वर्षी, तेही फक्त अमेरिकेत सुरू झालं होतं. यूट्यूबला अजून दोन वर्षं होती. भारतात ब्रॉडबँड तुरळक होतं आणि इंटरनेटवर कार्ड वापरायला लोक कचरत होते. अशा वेळी ख्याल, ठुमरी आणि तबल्याची एकल वादनं विकायला ऑनलाइन दुकान उघडणं धाडसाचंच होतं.

प्रसिद्धीची बाजूही त्यांनी तशीच उचलली. २००९ मध्ये पुण्यात ‘बाजा गाजा’ हा महोत्सव सुरू झाला. तिथे मैफली होत्या, चर्चासत्रं होती आणि संगीताशी संबंधित स्टॉलही होते. कलाकार, वाद्य बनवणारे, प्रकाशक आणि श्रोते एका मांडवाखाली यावेत, असा त्यामागचा विचार. संगीताच्या धंद्यातले गमतीदार आणि बोचरे अनुभव त्यांनी कथांतही आणले. ‘लुकिंग फॉर मिस सरगम’ हा त्यांचा इंग्रजी कथासंग्रह २०१९ मध्ये आला.

प्रभा अत्रे कंपनीत शिरल्या. शुभा मुद्गल यांनी कंपनीच काढली. दोघींनी पुढाकार आणि जबाबदारी अंगावर घेतली, हे त्यांच्यातलं साम्य. नेमके हेच दोन शब्द कायद्यातही आहेत.

मोबाइलने काय सोपं केलं, काय अवघड?

सोपं झालं ते रेकॉर्डिंग आणि वितरण. एक बरा माइक, एक शांत खोली आणि एक अॅप असलं, की गाणं जगभर जातं. अवघड झालं ते नाव टिकवणं आणि पैसे मिळवणं. त्याची तीन कारणं आहेत.

१. माहितीचे रकाने अपुरे. स्ट्रीमिंग अॅपची रचना तीन-चार मिनिटांच्या गाण्यासाठी झाली आहे. गाण्याचं नाव, गायक, अल्बम. राग, ताल, बंदिशकार यांना वेगळी जागा सहसा नसते. तबला आणि हार्मोनियमच्या साथीदारांची नावं तर अनेकदा गळूनच पडतात. एलपीच्या मागच्या बाजूला जे छापलं जायचं, ते स्क्रीनवर येताना हरवतं.

२. मोजणी ऐकण्याच्या संख्येवर. स्पॉटिफायवर ३० सेकंद ऐकलं की एक ‘स्ट्रीम’ मोजला जातो. तीन मिनिटांच्या गाण्याचा एक आणि पन्नास मिनिटांच्या ख्यालाचाही एकच. शिवाय २०२४ पासून एका वर्षात किमान १००० स्ट्रीम झाल्याशिवाय त्या गाण्याचे पैसेच मिळत नाहीत.

३. यंत्राचा निवाडा. यूट्यूबची ‘कंटेंट आयडी’ यंत्रणा प्रत्येक व्हिडिओचा आवाज तिच्याकडच्या नमुन्यांशी ताडून पाहते. जुळलं, की नमुना देणाऱ्या कंपनीच्या नावे दावा लागतो आणि त्या व्हिडिओची जाहिरातीची कमाई तिकडे वळू शकते.

‘अभंग तर तुकोबांचा, मग दावा कसला?’

हा प्रश्न अनेक भजनी मंडळांना पडतो. उत्तर समजायला एकाच रेकॉर्डमधले थर वेगळे करून पाहू. उदाहरण ‘अभंग तुकयाचे’ या प्रसिद्ध अल्बमचं.

- शब्द : तुकाराम महाराजांचे, सतराव्या शतकातले. कवीचा हक्क त्याच्या निधनानंतर ६० वर्षं टिकतो. त्यामुळे हे शब्द सर्वांचे.
- चाल : श्रीनिवास खळे यांची. त्यांचं निधन २०११ मध्ये झालं. पुढच्या वर्षाच्या सुरुवातीपासून ६० वर्षं धरली, तर चालीवरचा हक्क २०७१ च्या अखेरपर्यंत राहील.
- आवाज : लता मंगेशकर यांचा. कलाकाराचे हक्क सादरीकरणानंतर ५० वर्षं.
- रेकॉर्डिंग : निर्मात्याचं. प्रकाशनानंतर ६० वर्षं.

म्हणजे तोच अभंग तुम्ही वारकरी परंपरेच्या चालीत, स्वतःच्या आवाजात, स्वतःच्या टाळ-मृदंगावर गायलात, तर अडचण नाही. खळे यांच्या चालीत गाऊन विकलात, तर परवानगीचा प्रश्न येतो. इंटरनेटवरून उतरवलेल्या कराओके ट्रॅकवर गायलात, तर त्या ट्रॅकचाही कुणी मालक असतो, हे विसरू नका.

धार्मिक विधीत रेकॉर्ड वाजवणं किंवा गाणं सादर करणं याला कायद्यात सूट आहे. मात्र ती सूट त्या प्रसंगापुरती. त्याचा व्हिडिओ करून कमाई सुरू केली, की गोष्ट वेगळी.

पंढरपूरच्या मंडळाने काय करावं?

समजा, पंढरपुरातल्या दहा-बारा जणींच्या एका भजनी मंडळाने जनाबाईचे आठ अभंग रेकॉर्ड करायचं ठरवलं. एक जण म्हणतो, ‘स्टुडिओ माझा, चॅनेल माझं, तुम्ही फक्त गायला या.’ बायका आनंदाने गातात, एका कागदावर सही करतात, हार-नारळ घेऊन घरी येतात. दोन वर्षांनी अभंग लाखो वेळा ऐकला जातो. बायकांचं नाव कुठेच नसतं.

इथे फसवणूक झालीच, असं नाही. कायद्याप्रमाणे ज्याने पुढाकार आणि जबाबदारी घेतली, तो निर्माता. तो मान त्या माणसाने घेतला आणि मंडळाने देऊन टाकला. तसं होऊ नये म्हणून :

१. निर्माता कोण, हे आधी ठरवा. स्टुडिओचं भाडं मंडळाने दिलं, पावती मंडळाच्या नावे घेतली, तर मंडळच निर्माता आहे हे दाखवणं सोपं जातं. भाड्याने घेतलेला स्टुडिओ रेकॉर्डचा मालक होत नाही.

२. कागद वाचल्याशिवाय सही नको. हक्क हस्तांतर लेखी आणि सहीनिशीच व्हावं लागतं. करारात मुदत लिहिली नसेल, तर ती पाच वर्षं मानली जाते. प्रदेश लिहिला नसेल, तर फक्त भारत. म्हणूनच ‘कायमस्वरूपी’ आणि ‘संपूर्ण जगासाठी’ हे शब्द दिसले, की थांबा आणि विचारा.

३. चॅनेल आणि ई-मेल मंडळाच्या नावे ठेवा. ओळखीच्या मुलाच्या वैयक्तिक खात्यावर चॅनेल असेल, तर पासवर्डही त्याचा आणि कमाईही त्याची.

४. सगळ्यांची नावं लिहा. गाणाऱ्या, टाळकरी, मृदंग, हार्मोनियम, चाल कुणाची, रेकॉर्डिंग कुठे आणि कधी. अॅपमध्ये रकाना नसेल, तर व्हिडिओखालच्या माहितीत लिहा. वही ठेवलीत तर उत्तम.

५. रेकॉर्डिंगला क्रमांक घ्या. ‘आयएसआरसी’ हा प्रत्येक रेकॉर्डिंगचा १२ अक्षर-अंकी ओळख क्रमांक असतो. अॅपवर गाणी पोहोचवणाऱ्या वितरक सेवा बहुधा तो मिळवून देतात.

६. चुकीचा दावा आला, तर गप्प बसू नका. यूट्यूबवर दाव्याला हरकत घेता येते. समोरच्याला उत्तर द्यायला ३० दिवस असतात. शब्द संतांचे, चाल पारंपरिक, आवाज आणि वाद्यं आमची, हे नेमकेपणाने लिहा. रेकॉर्डिंगची मूळ फाइल जपून ठेवा.

यातलं एकही काम अवघड नाही. पण ते कुणीतरी अंगावर घ्यावं लागतं. मंडळात उत्तम गळ्याची बाई असतेच. हिशेबाची वही सांभाळणारी, चार ठिकाणी फोन करणारी, कागद दोनदा वाचणारीही एक असते. रेकॉर्डच्या दुनियेत तिलाच निर्माती म्हणतात. नावांच्या यादीत तिचंही नाव लिहायला विसरू नका.

प्रभा अत्रे यांच्याकडे कायद्याची पदवी होती, शुभा मुद्गल यांच्याकडे उद्योगाचा अनुभव. जनाबाईकडे जात्यापलीकडे काही नव्हतं. तरी अभंग संपवताना तिने आपलं नाव घातलं आणि गाथा नामदेवांची असूनही अभंग जनीचे राहिले. पुढच्या आषाढीला रेकॉर्ड करणाऱ्या मंडळाला तेवढं तर नक्कीच करता येईल.